शिष्टबाईचा सिनेमा

गल्लीत तिला शिष्टबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण पाठीमागचं बोलणं पुढे यायला कितीसा वेळ लागतो? आणि म्हणणाऱ्यांचं तरी काय चुकत होतं? सकाळी जिन्यात शेजारणीशी घटकाभर हसून बोलायचं आणि दुपारी तीच शेजारीण बाजारात समोरून हात हलवत आली, की दिव्याच्या खांबाकडे पाहावं तसं पाहून पुढे निघून जायचं, अशी या बाईची रीत. एकदोनदा झालं तर माणूस सोडून देतो. पुन्हा पुन्हा झालं की म्हणतो, "ठेव म्हणावं तुझा तोरा तुझ्यापाशी."

तिला तोरा कसला? ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाईक समोर स्टुलावर बसवायचं, त्याच्या नाकावर फ्रेम ठेवून पाहायची, काड्या गरम हवेवर धरून कानामागे नीट वळवायच्या, हे तिचं काम. दिवसभर लोकांच्या तोंडापासून हातभर अंतरावर तिचं तोंड. हात हलका, स्वभाव गरीब. मालक खूश असे. फक्त एकच अडचण. चष्मा घेऊन बाहेर पडलेलं गिऱ्हाईक विसरलेली छत्री न्यायला लगेच परत आलं, तरी ती त्याच प्रेमाने म्हणे, "या, बसा. काय दाखवू?" मालक कपाळावर हात मारून घेई. "अहो, आत्ता तर यांच्याकडून पैसे घेतले आपण!" गिऱ्हाईक हसे, तीही हसे, आणि आत जाऊन डोळे पुसून येई.

चेहरा तिला दिसत नसे असं नव्हे. नाक दिसे, डोळे दिसत, ओठ दिसत. समोर असेपर्यंत सगळं स्वच्छ. पण त्या सगळ्याची मिळून जी एक गाठ इतरांच्या मनात बसते, ती हिच्या मनात बसतच नसे. माणूस पाठमोरा झाला की संपला. पुन्हा समोर आला की नवा. मग ती आपली आवाजावरून, चालीवरून, केसांवरून, अंगावरच्या कपड्यांवरून माणसं ओळखायची. नवरा छापखान्यात होता. त्याच्या कपड्यांना शाईचा वास यायचा, आणि दारात पाऊल टाकण्याआधी "आलो गं" म्हणायची त्याला सवय होती. ती सवय आपल्याला कशी लागली, याचा त्याने कधी विचार केला नव्हता. त्याने न सांगता आत यावं, की ही दचकून उभी राहायची, इतकंच त्याला ठाऊक.

आपल्यात काही उणं आहे, हे तिलाही कळत नव्हतं. तिला वाटे, लोक माणसं लक्षात ठेवायला कष्ट घेतात, आपण आळशी आहोत. लहानपणी घरी आलेल्या माणसाला ओळख दाखवली नाही म्हणून आईचे धपाटे पाठीत बसत. "डोळे आहेत का बटणं?" आई म्हणायची. तिथे तिला तारलं ते धाकट्या बहिणीने. दोघी हात धरून शाळेत जात. समोरून कुणी आलं, की धाकटी तिच्या तळव्यावर बोट दाबायची आणि ओठ न हलवता पुटपुटायची, "मोठ्या काकू." की ही लगेच हसून "कशा आहात काकू?" धाकटीला हे कुणी शिकवलं नव्हतं, हिने कधी मागितलं नव्हतं. दोघींना वाटे, सगळ्याच बहिणी असं करत असतील.

पुढे लग्नं झाली. धाकटी दूरच्या गावी गेली, आणि हिच्या तळव्यावर बोट दाबणारं कुणी उरलं नाही.

मुलगा झाला, शाळेत जाऊ लागला. शाळा सुटली की फाटकातून एकसारख्या गणवेशातली पोरं भसाभसा बाहेर पडत. ती भिंतीला टेकून उभी राही. बहुतेक वेळा मुलगाच धावत येऊन बिलगे. मग जीव भांड्यात पडे. पण तो बिलगला नाही, तर तिची एक युक्ती होती. सगळ्यांची पोरं जाऊ द्यायची. शेवटी जो उरेल तो आपला. पुढे मुलगा मोठा झाल्यावर एकदा सहज म्हणाला, "लहानपणी तू मला न्यायला नेहमी उशिरा यायचीस." उशिरा आलेली आई बरी, असं तिला वाटलं.

आणि मग ती धाकटीची गोष्ट घडली.

धाकटीचा नवरा आजारी पडला. आजार लांबला, धाकटीने दवाखान्यातच संसार मांडला, आणि इतकं करून तो गेलाच. तेव्हा हिचं नुकतंच पोटाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं. धाकटीने समजून घेतलं. म्हणाली, "तू नको येऊस. मीच येते चार दिवस तुझ्याकडे. तुझ्या कुशीत झोपायचंय मला." ठरल्या दिवशी ही बस स्टँडवर जाऊन उभी राहिली आणि उतरणाऱ्या बायकांमध्ये एक लांब, जाड वेणी शोधू लागली. धाकटीची वेणी म्हणजे धाकटी. भरलेलं अंग, तुरुतुरु चाल आणि पाठीवर नाचणारी वेणी.

दवाखान्याच्या धावपळीत धाकटीने केस कापून टाकले होते. अंग वाळून काडी झालं होतं. ती उतरली, बहिणीला पाहिलं, आणि समोर येऊन उभी राहिली. तोंडातून शब्द फुटेना. तिने नुसते हात पुढे केले.

आणि शिष्टबाई टाचा उंचावून तिच्या खांद्यावरून मागे पाहत म्हणाली, "जरा बाजूला होता का?"

धाकटी बाजूला झाली. त्याच बसने परत गेली. ही अंधार पडेपर्यंत तिथेच वाट पाहत होती. रात्री फोन केला तेव्हा धाकटी एवढंच म्हणाली, "विधवा बहिणीचं तोंड बघायचं नव्हतं, तर आधी सांगायचंस."

"अगं, मी ओळखलं नाही तुला!"

"सख्ख्या बहिणीला?"

खरं होतं तेच खोटं वाटत होतं. पुढे तिने किती फोन केले, नवरा स्वतः जाऊन आला, पण धाकटीने दगडाचं काळीज केलं. मुलगा शाळेतून कॉलेजात गेला, कॉलेज सोडून सिनेमा शिकायला लागला, तरी दोघी बहिणींत एक शब्द नाही.

आता या मुलाने सिनेमा शिकायला जाणं बापाला फारसं पसंत नव्हतं. "चिरंजीव लोकांचे फोटो काढणार आणि आम्ही त्यांच्याकडे फोटोतल्यासारखे बघत बसणार," असं तो म्हणे. पण त्या शिक्षणातून एक गोष्ट झाली. वर्गात एक डॉक्टरीणबाई मेंदू आणि नजर यांवर बोलायला आल्या होत्या. काही माणसांना चेहरे ओळखताच येत नाहीत, जन्मापासून, असं त्या सांगत असताना मुलगा एकाएकी उठून उभा राहिला. त्याला शाळेचं फाटक आठवलं म्हणे.

तो आईला त्यांच्याकडे घेऊन गेला. त्यांनी तिला फोटो दाखवले. केस, कान, कपडे झाकलेले, नुसते चेहरे. नवऱ्याचा फोटो तिला ओळखता आला नाही. मुलाचाही नाही. एका फोटोला ती म्हणाली, "ही बाई दमलेली दिसते." तो तिचा स्वतःचाच होता.

"याला औषध नाही," डॉक्टरीणबाई सरळच म्हणाल्या. "पण यात तुमचा दोषही नाही. ना आळस, ना माजोरीपणा. हा मेंदूचा प्रकार आहे."

मुलाला वाटलं, आईला बरं वाटेल. ती रिक्षात बसल्यावर रडायलाच लागली. मग म्हणाली, "मग हे धाकटीला सांगायला पाहिजे."

"मी तुझ्यावर शॉर्ट फिल्म करतो," मुलगा म्हणाला. "परीक्षेसाठी करायचीच आहे. सगळ्यांना कळेल."

"सगळ्यांना कशाला? तिला कळलं तरी पुरे." पण ती तयार झाली. अट एकच घातली. पहिल्या खेळाला धाकटीला बोलवायचं.

शूटिंग सुरू झालं. मुलाच्या वर्गातली एक मुलगी कॅमेरा सांभाळायची, आणखी एकजण लांब काठीला माईक लावून धरायचा. घरात दिवे लागले, वायरी पसरल्या. बाप छापखान्यातून येऊन वायरीत पाय अडकवून घ्यायचा आणि म्हणायचा, "आलो गं, पडलो गं." त्या दिवसांत घरात हसू असायचं. दुकानातलं शूटिंगही नीट पार पडलं. मालकाने नवा शर्ट घालून तीन वेळा कॅमेऱ्यासमोरून उगाचच चकरा मारल्या.

घोडं अडलं ते बस स्टँडच्या दृश्यात. धाकटीचं काम करायला एक नटी आणली होती. आईने तिच्याकडे बघायचं आणि न ओळखता पुढे जायचं, इतकंच होतं. पण ते काही जमेना. नटी बसमधून उतरली, की आईचे डोळे भरून यायचे, पाय थबकायचे.

"आई, तू ओळखत नाहीयेस तिला!"

"अरे, पण मला माहितीये ना ती कोण आहे ते. तूच तर सांगितलंस."

"विसरून जा सांगितलेलं."

"ते कसं विसरू? एवढं एकच तर विसरता येत नाही मला."

पाच-सहा वेळा करून पाहिलं. शेवटी मुलाने कॅमेरा बंद करायला लावला आणि लांब जाऊन उभा राहिला. त्याची पाठ बघून तिला वाटलं, आपण याही कामाच्या नाही.

दोन दिवसांनी कॅमेरावाली मुलगी तिला घ्यायला आली. म्हणाली, "काकू, आज नटी वगैरे कुणी नाही. तुम्ही नुसतं स्टँडवर फिरायचं, कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखं. मी लांबून घेते."

"आणि आमचे चिरंजीव?"

"त्याला आवाजाचं काम आहे, स्टुडिओत."

कॅमेरा कुठेतरी लांब होता. थोड्या वेळाने ती त्याला विसरूनच गेली. खरोखरच वाट पाहत असल्यासारखी इकडून तिकडे फिरली, आणि दमून एका बाकावर टेकली. बाकावर एक तरुण बसला होता. गुळगुळीत दाढी केलेली, मळकट हिरवं जाकीट, चष्मा नाही. चष्मा आहे की नाही, हे ती सवयीने आधी बघायची. तिने विचारलं, "बस गेली का हो?" तो काही बोलला नाही. नुसती मान हलवली आणि तिच्याकडे बघत राहिला. बघता बघता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

ती गडबडली. परक्या माणसाला काय विचारावं? पण रडणारं माणूस तिला बघवत नसे. पिशवीतून पाण्याची बाटली काढून पुढे केली. "बरं नाही का? पाणी हवंय?" त्याने मान नकारार्थी हलवली. मग तिला वाटलं, याला एकटं राहायचं असेल. ती हळूच उठली आणि पलीकडच्या बाकाकडे गेली.

संध्याकाळी दारातून "आई" अशी हाक आली. मुलगा आत आला तो दाढी सफाचट करून.

"काढलीस होय दाढी? बरं केलंस," ती म्हणाली. "आज स्टँडवर एक पोरगा रडत होता रे. कुणाचा होता कोण जाणे."

मुलगा हात धुवायला गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही.

सिनेमा पुरा झाला. मुलाच्या सिनेमाच्या शाळेतल्याच छोट्या सभागृहात एका संध्याकाळी दाखवायचं ठरलं. मुलाने मावशीला सविस्तर कळवलं होतं. आईचा आजार, डॉक्टर काय म्हणाल्या, सगळं. उत्तर आलं नव्हतं. तरी शिष्टबाईने आपल्या उजव्या हाताची खुर्ची राखली. तिच्यावर शाल ठेवली, शालीवर पर्स ठेवली. नवरा म्हणाला, "मी फाटकाशी उभा राहतो. मी ओळखीन तिला. तू इथेच बस." त्याचं म्हणणं बरोबर होतं. पण तिला मनातून काळजी नव्हती. धाकटीला आता कारण माहीत होतं. ती समोर येऊन "ताई" म्हणेल, की झालं. तो आवाज हजारात ओळखू आला असता.

सभागृह भरत आलं. लोक येत, तिच्याकडे बघून हसत. तीही सगळ्यांकडे बघून हसे. हसण्यात काही जात नाही, हे ती फार पूर्वी शिकली होती. एवढ्यात बाजूच्या दाराने एक बाई आली आणि रिकाम्या खुर्चीपाशी थांबली. पांढरे आखूड केस, करडा कोट. काही न बोलता उभीच राहिली.

"माफ करा हं," शिष्टबाई अदबीने म्हणाली, "ही जागा माझ्या बहिणीसाठी ठेवलीय."

बाईने तिच्याकडे पाहिलं. मग मान डोलावली आणि मागच्या रांगांकडे निघून गेली.

दिवे मालवले तेव्हा नवरा अंधारात चाचपडत आला. "फाटकाशी तरी दिसली नाही," तो कुजबुजला. तिने शाल उचलून मांडीवर घेतली. खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली.

आता खरी गंमत अशी, की सिनेमा तिला कधीच कळत नसे. पडद्यावर माणसाने कपडे बदलले की तिच्या दृष्टीने नवं माणूस यायचं. स्वतःवरच्या सिनेमातही तेच झालं. नवरा कानाशी सांगत होता, "ही तू. ही ती नटी. हे दुकान. आता परत तू." ती मान हलवत होती. मग बाक आला. बाक तिने ओळखला, हिरवं जाकीट ओळखलं, आणि स्वतःची पाण्याची बाटलीही ओळखली. तिला काळजी वाटली, की त्या बिचाऱ्या पोराला न विचारताच आपल्या मुलाने सिनेमात घेतलं की काय.

पडद्यामागून मुलाचा आवाज आला. "बाकावर बसलेला तो मी आहे. ही माझी आई. मी दाढी काढली, चष्मा काढला, मित्राचं जाकीट घातलं आणि गप्प बसलो. एवढंच केलं."

सभागृहात कुणीतरी हुंदका दिला. पडद्यावरची बाई बाटली पुढे करत होती, "बरं नाही का?" आणि खुर्चीतली बाई दोन्ही हातांनी शाल गच्च धरून बसली होती.

टाळ्या थांबेनात. मुलाने तिला वर बोलावलं. समोर रांगाच्या रांगा चेहरे, सगळे ओले. त्यातल्या कुणीतरी उठून विचारलं, "मुलाने असं केल्यावर आई म्हणून काय वाटलं?"

ती म्हणाली, "मी त्याला पाणी विचारलं होतं."

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर बाप गुपचूप आतल्या खोलीत गेला. मायलेक स्वयंपाकघरात राहिले.

"सांगायचंस की रे मला," ती म्हणाली.

"सांगितलं असतं तर ते दृश्य झालंच नसतं."

"तुला दृश्य हवं होतं?"

"आधी हवं होतं." तो टेबलावरचा बोळा घेऊन पुसलेलंच पुसत राहिला. "तू बसलीस तेव्हा मात्र... आई, मला सगळं माहीत होतं. डॉक्टर, फोटो, सगळं. तरी मला वाटत होतं, ओळखशील. बाकीच्यांना नाही, पण मला ओळखशील. शेवटपर्यंत वाटत होतं."

जवळ जाऊन तिने त्याच्या केसांवरून हात फिरवला. त्याने फिरवू दिला. पण मान खाली घालून उभा राहिला, परक्या घरात उभं राहावं तसा. तिच्या मनात आलं, मी समजावून काय सांगू? माया होती, ती त्या बाकावरही होतीच. पण कुणावर करायची, ते कळायला तोंड लागतं.

चार-पाच दिवसांनी दुपारी फोन वाजला.

"ताई."

एकाच शब्दात तिने ओळखलं. "धाकटे! अगं, आली नाहीस तू? खुर्ची ठेवली होती मी तुझ्यासाठी."

"माहितीये. तूच सांगितलंस. 'माफ करा हं, बहिणीसाठी ठेवलीय.'"

"तू... करड्या कोटातली? अगं, बोलायचंस ना! एक हाक मारायचीस!"

"आधी मुद्दाम गप्प राहिले. म्हटलं, बघू तरी. मग तू तसं बोललीस आणि तोंडच उघडेना. मागे बसून सगळा सिनेमा पाहिला. रडलेही. ताई, तुझा आजार खरा आहे. त्या दिवशी स्टँडवर तुझी चूक नव्हती. हे सांगायलाच फोन केला."

"मग ये ना गं. नाहीतर मी येते. उद्याच येते."

"ऐक आधी. इतकी वर्षं मी तुझ्या रागाने जळत होते. रोज. भांडी घासताना तुझ्याशी मनात भांडायचे, तुला वाट्टेल ते बोलायचे. आता राग गेला. मला वाटलं, राग गेल्यावर माया येईल. चार दिवस वाट पाहिली. काहीच आलं नाही गं. नुसतं मोकळं मोकळं वाटतंय, सामान हलवलेल्या खोलीसारखं."

"असं नको बोलूस."

"रागाने नाही बोलत." मग धाकटीने लहान मुलीने विचारावं तसं विचारलं, "लहानपणी आपण हात धरून जायचो, मी तुला नावं सांगायचे... तेव्हासुद्धा तुला माझा चेहरा माहीत नव्हता?"

खोटं बोलता आलं असतं. धाकटीलाही कदाचित तेच हवं असेल. पण ज्या बाईने आयुष्यभर ओळख असल्याचं सोंग केलं, तिला नेमकं त्या वेळी सोंग करवेना.

"वेणी माहीत होती," ती म्हणाली. "आणि तुझा हात."

"हं," धाकटी म्हणाली. "जप स्वतःला." आणि फोन ठेवला.

कॅमेरावाल्या मुलीने त्या दिवशी प्रेक्षकांचेही फोटो काढले होते. नवऱ्याने त्यात शोधून बोट ठेवलं. "ही बघ. शेवटून दुसऱ्या रांगेत."

"कशी दिसते हो ती?"

"कशी म्हणजे? आता काय सांगू..." तो अडखळला. "तुझ्यासारखीच. अगदी तुझ्यासारखीच दिसायला लागलीय."

तिने फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. करडा कोट दिसला. केस दिसले. मग तिने फोटो नवऱ्याच्या हातात परत दिला.

सिनेमाचं नाव झालं. गावोगावच्या महोत्सवांत तो दाखवला गेला, कुठे कुठे बक्षिसं मिळाली, आणि त्याच जोरावर मुलाला मोठ्या शहरात काम लागलं. जाताना तो आईच्या पाया पडला, मिठी मारली, सगळं रीतसर झालं. फोन करतो. बोलण्याआधी "मी बोलतोय" म्हणतो. आवाजाने ओळखते मी तुला, असं तिने एकदा सांगून पाहिलं, तरी म्हणतोच.

गल्लीतही फरक पडला. शिष्टबाई म्हणणं लोकांनी सोडलं. आता "बिचारी" म्हणतात. पहिले काही दिवस सगळे भेटल्यावर आपणहून नाव सांगायचे, शेजारीण जिन्याच्या खालूनच ओरडायची, "मी आहे हो, वरच्या मजल्यावरची!" काही थट्टेखोर समोर उभे राहून म्हणायचे, "ओळखा पाहू!" आणि ती ओशाळं हसली, की त्यांनाच वाईट वाटायचं. मग हळूहळू लोक विसरले. नाव सांगायचं राहू लागलं, आणि ती पुन्हा पूर्वीसारखी खांबांमधून चालल्यासारखी बाजारातून चालू लागली. पूर्वी निदान तिला वाटायचं, उद्यापासून नीट लक्ष देऊ, कष्ट घेऊ, जमेल. आता जमणार नाही, हे माहीत झालं होतं.

दुकानात मालकाने तिला मागच्या खोलीत काचा घासायच्या यंत्रावर बसवलं. वाईट हेतूने नव्हे. "गिऱ्हाईकं उगाच चौकशा करतात, तुम्हालाच त्रास," तो म्हणाला. त्या खोलीत खिडकी नाही, माणसं येत नाहीत. काच फ्रेमच्या मापाची होईपर्यंत फिरत राहते, पाण्याची बारीक धार पडत राहते. तिला तिथे बरं वाटतं. हे ती नवऱ्याला सांगते तेव्हा त्याला ते ऐकवत नाही.

रविवारी ती धाकटीकडे फोन लावते. फोन भाची उचलते. "मावशी, आई बाहेर गेलीय," असं म्हणते. भाची गोड आहे, खोटं बोलताना तिचा आवाज चढतो. मागून कुणीतरी पातेल्यावर झाकण ठेवतं, खाकरतं, हलक्या आवाजात "कोण आहे?" विचारतं. तो आवाज कुणाचा, हे शिष्टबाईला कुणी सांगावं लागत नाही.

"बरं," ती म्हणते. "आली की सांग, ताईचा फोन होता."